इन्स्पेक्टर कडूबाई आणि एकतीस नंबरचं भूत

माझा कुणावरही संशय नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांच्यावर होता त्यांची यादी मी वहीच्या शेवटच्या पानावर केली होती. ते पान आता वहीसकट तालुक्याच्या एका फायलीत लावलेलं आहे, त्यामुळे यादी तोंडपाठ असूनही मी ती इथं देत नाही. सरकारी कामात ढवळाढवळ नको.

सगळं सुरू झालं ते इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मला 'अ' श्रेणी मिळाली तिथून. माणसाला श्रेणी मिळाली की तो काही ना काही सुरू करतो. मी चित्रकथा सुरू केली. गुन्हेगारीची. शंभर पानी मोठी वही, पानाला सहा चौकटी, आणि नायिका इन्स्पेक्टर कडूबाई. नऊवारी लुगडं, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. कडूबाई कुणालाही मारत नाही, पाठलाग करत नाही, तिच्याकडं पिस्तूलही नाही, कारण मला पिस्तूल धरलेला हात काढता येत नाही. ती फक्त समोरच्याकडं बघते आणि म्हणते, "रडू नको. वेळ सांग." बास. पुढच्या चौकटीत माणूस कबूल.

मला आणखी एक गोष्ट काढता येत नाही, समोरून नाक. बाजूने येतं, समोरून बटाटा होतो. म्हणून माझे सगळे गुन्हेगार पाठमोरे असतात. वाचणाऱ्यांना वाटायचं मी रहस्य राखते. मीही तसंच वाटू दिलं.

पहिला अंक, 'खेळाच्या तासाचा खून'. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर खेळाचा तास शिक्षकांच्या खोलीमागं मरून पडलेला सापडतो. छातीत कंपासमधलं करकटक. संशयित तीन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी. शेवटी कळतं की तिघांनी पाळ्या लावून मारला. शिक्षा कुणालाच होत नाही, कारण पोर्शन संपवायचा असतो. माझ्या कथेत कुणाला पश्चात्ताप होत नाही, कुणी डोळे पुसत नाही आणि गुरुजी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाहीत. तसले धडे आम्हाला पाठ्यपुस्तकात भरपूर आहेत. मी फक्त शाळेत जे होतं ते काढलं. दुसरा अंक, 'गाईडवाली टोळी'. सहामाहीची प्रश्नपत्रिका गाईडमधून छपाईच्या चुकांसकट कशी उतरते, त्याचा तपास. वही बाकाबाकावरून फिरायची. दहावी 'ब'मध्ये ग्रंथालयाच्या पुस्तकापेक्षा जास्त फिरलेली ती एकच वही. अर्थात ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, हा चौथा अंक होणार होता.

घोळ तिसऱ्या अंकाने केला.

माझ्या शेजारच्या बाकावर पाचवीपासून चांगुणा बसते. हजेरीत एकतीस नंबर. दरसाल दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि ती त्यांच्याबरोबर. लहान्या भावाला सांभाळायचं, भाकरी टाकायच्या. यंदा मुकादमाने बेलापूरच्या बाजूला टोळी नेली. ट्रकमध्ये चढताना चांगुणा मला म्हणाली, "प्रज्ञे, यंदा दहावी हाय. पंच्याहत्तर टक्के हजेरी न्हाई भरली तर हॉलतिकीट अडवत्यात. आन यंदा परीक्षा हुकली तर पुढल्या दिवाळीला माझं लगीन लावून नवा कोयता धरत्याल."

आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. माणसाला नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"एकतीस आलं की हजर म्हन. तुला आवाज काढायला येत्यात." एवढं बोलून ती पातेल्यांच्या मधे बसली. रडली वगैरे नाही. पातेलं डुगडुगत होतं, ते धरून बसली.

तर तेव्हापासून तिचं 'हजर' मी म्हणत होते. माझा नंबर अडतीस. एकतीस आलं की मान खाली घालायची, दोन बोटांनी नाक दाबायचं आणि जरा बारीक आवाजात "हजर सर". मग मधले सहा नंबर जाईपर्यंत नाक सोडून स्वतःचा आवाज गोळा करायचा. आमचे वर्गशिक्षक पॉल सर. गणिताचे. त्यांना मागच्या बाकावर चिंचेचं बोटूक फोडल्याचं ऐकू येतं. आणि समोरच्या रिकाम्या जागेवरून रोज "हजर" येतो, तो मात्र त्यांना खटकत नाही. मान वर न करता ते पेन चालवतात. आता यात संशय येणार नाही तर काय येणार? एक तर सरांना एका विशिष्ट दिशेने ऐकू येत नव्हतं, किंवा सर यात सामील होते. मी दोन्ही शक्यता शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या.

एवढ्यावर गप्प बसले असते तर शहाणी ठरले असते. पण चांगला गुन्हा सहजी मिळत नाही हो. दोन अंकांनंतर वाचक विचारायला लागले, तिसरा कधी? आणि माझ्या नाकाखाली, म्हणजे अक्षरशः दाबलेल्या नाकाखाली, रोज सकाळी एक गुन्हा घडत होता. मी काढला. 'हजेरीचं भूत'. रिकाम्या बाकावरून आवाज येतो, मुलगी मात्र नाही.

काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. मी सगळी कथा स्वित्झर्लंडला नेली. कडूबाईची तिकडं बदली होते. मुलीचं नाव हेलन. मागं बर्फाचे डोंगर. आता स्वित्झर्लंड मी पाहिलेला नाही, त्यामुळे बर्फात काय काय असतं याची माहिती थोडी कमी पडली. म्हणून डोंगराखाली एसटी आली, शाळेच्या ओट्यावर खिचडी शिजायला लागली, आणि हेलनचे आईवडील जिथं कामाला जातात तिथं बर्फावर मी पाचटाच्या कोप्या काढल्या. दूर तोडायला जाणारी माणसं कोपीतच राहतात, दुसऱ्या कशात राहणार? शेवटच्या चौकटीत भूत. पाठमोरं. दोन वेण्या. खाली लिहिलं, 'गुन्हेगार कोण?'

गुरुवारी वही गेली.

मधल्या सुट्टीआधी दप्तरात होती, नंतर नव्हती. मी सबंध वर्गावर संशय घेतला, मग शेजारच्या वर्गावर, मग खिचडीवाल्या मावशींवर, कारण त्या मला त्या दिवशी जास्त वाढून गेल्या होत्या. मग लक्षात आलं, आमचे शिपाई छगनमामा माझ्याकडं बघत नाहीयेत. एरवी मामा प्रत्येकाकडं बघतात, त्यांना दुसरं काम नाही. मी घंटेच्या खोलीपाशी जाऊन नुसती उभी राहिले. कडूबाईसारखी.

अर्ध्या मिनिटात मामा म्हणाले, "मला ठावं हाय तू कामून आली."

मी बघत राहिले.

"त्यो तुझ्या बर्फातल्या साळंचा शिपाई सात मिनिटं आधी घंटा देतो. त्यो मीच ना?"

खरं सांगायचं तर सात मिनिटांचं मला माहीतच नव्हतं. मी घड्याळाचा काटा थोडा तिरका काढला होता, सरळ काटा बाराच्या आकड्यावर जाऊन दिसेना म्हणून.

"म्हशीची वेळ हाय, बाय," मामा म्हणाले. "उशीर झाला का ती पान्हा चोरती. आता चोर कोन? मी का म्हैस? तुझ्या त्या कडूबाईला इचार."

"मामा, वही कुठं आहे?"

"सापडलेली वस्तू हापिसात जमा करायची असा नेम हाय. मी आधी वाचली. मग टीचररूमात ठिवली."

म्हणजे जमा. दोन दिवस वही शिक्षकांच्या खोलीत होती आणि तिथं सगळ्यांनी ती वाचली, हे मला शाळेच्या वागण्यावरून कळलं. मंगळवारी खेळाचा तास जिवंत झाला. खरोखरचा. खेळाचे सर आले, कपाट उघडलं. आत एक बसलेला चेंडू आणि मागच्या स्नेहसंमेलनातला राजाचा मुकुट निघाला. आम्ही उन्हात उभे राहिलो. कुणाला काय करावं सुचेना. मागं दोघांनी बसून प्रमेय सोडवायला घेतलं. इंग्रजीचे सर व्हरांड्यात मला थांबवून, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले की प्रश्नपत्रिका आणि गाईड यांच्यात साम्य असणं हा निव्वळ योगायोग असतो आणि तो जगभर होतो. मी म्हटलं, हो सर, स्वित्झर्लंडमध्येपण. ते पाणी प्यायला निघून गेले.

बुधवारी मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं.

आमच्या मुख्याध्यापकांचं नाव गोरक्षनाथ सर. ते फार सावध आहेत. त्यांच्या नावाने आलेलं पाकीट ते उघडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की पाकीट उघडलं की पत्र मिळालं असं होतं, आणि मिळालं की उत्तर द्यावं लागतं. न उघडलेलं पत्र अजून टपालातच असतं. न जाणो, कुणी माहिती अधिकारात काही विचारलेलं असलं तर? त्यामुळे त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षांचं टपाल अजून वाटेतच आहे.

माझी वही मात्र त्यांनी उघडली होती.

"ही पाठ कुणाची?" सरांनी बोट ठेवलं. भुतावर नाही. आठव्या चौकटीत स्वित्झर्लंडचे मुख्याध्यापक खिडकीतून बर्फ बघत उभे होते, त्यांच्यावर.

"कुणाचीच नाही सर. काल्पनिक आहे."

"मला टक्कल आहे. याला नाही."

"मला टक्कल काढता येत नाही सर."

"म्हणजे काढायचं होतं."

सरांनी आवाज खाली आणला. "सोमवारी पटपडताळणीचं पथक येतंय. प्रत्येक वर्गात खरोखर किती मुलं बसतात ते मोजणार. पथकाला कुणी कळवलं?"

"मला काय माहीत सर."

"हे स्वित्झर्लंड म्हणजे नक्की कुठलं गाव? खरं सांग. तुझ्या मागं कोण आहे?"

मी खरंच मागं वळून बघितलं. दारात छगनमामा होते.

मग आदेश झाला. मी लेखी खुलासा द्यायचा, तीन प्रतींत, पालकांच्या सहीने. शिवाय शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडून एक एक चिठ्ठी आणायची, 'सदर चित्रकथेतील पाठ माझी नाही.' हे काम सोपं वाटतं. करून बघावं. दुसऱ्या कुणी सही केल्याशिवाय पहिला सही करीना. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, मी 'नाही' लिहिलं तर त्याचा अर्थ मला कुणीतरी विचारलं असा होतो. खेळाच्या सरांनी सही केली, पण आधी भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि मला नीट बघून खात्री करायला लावली. छगनमामांनी लिहिलं, 'पाठ माझी नाही. घंटा माझी आहे.' पॉल सरांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाठ कुणाची ते काढणारीला माहीत असेल." शेवटच्या पानावर मी त्यांच्या नावापुढं आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं असतं, पण वही जप्त होती.

घरी खुलाशावर पप्पांनी न वाचता सही केली. त्यांचा हा गुण मला आवडतो. आईचा मात्र तसा गुण नाही. आई अंगणवाडी सेविका. तिचं आयुष्य रजिस्टरात जातं. तिने तिन्ही प्रती वाचल्या आणि तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तू नक्की काय केलंस?"

मी सांगितलं.

"दोन महिने?"

"रविवार सोडून."

आई काही बोलायच्या आत शेजारचे आसारामकाका आले. ते रिटायर हवालदार आहेत, आणि आमच्या घरात गुन्हा घडल्याचं त्यांना आमच्याआधी कळतं. खुर्ची ओढून ते म्हणाले, "पहिली गोष्ट मुद्देमाल. वही जाळ."

"वही हेडसरांकडं आहे, काका."

"मंग आरोपी हजर कर. पथक पोरगी बघनार. आमची नात हाय ना आठवीला. तिला बसवू एकतीसच्या जागी. पाठीमागून डिट्टो चांगुणा दिसती."

"पथक पाठीमागून बघत नाही," आई म्हणाली.

"मंग तोंडाला फडकं बांधू. दाढ दुखती म्हनू."

"भाऊजी, चहा घेता का?" आईने विचारलं. आमच्याकडं याचा अर्थ विषय संपला असा होतो. काका चहा पिऊन गेले, आणि जाताना दारात, "कबुलीजबाब द्यायचा न्हाई, पोरी. माझ्या नोकरीत कबुली दिलेला एक बी मानूस सुखी न्हाई पायला," असं सांगून गेले.

आईचा सल्ला वेगळा होता. "रजिस्टर हातात असलेल्या माणसासमोर एकच गोष्ट सांगायची. शेवटपर्यंत तीच. त्यामुळे ती खरी असलेली बरी, लक्षात ठेवायला सोपी जाते. आणि आधी त्या पोरीला फोन कर."

रविवारी दुपारी चांगुणाच्या वडिलांच्या मोबाईलवर फोन लागला. मी पथकाचं सांगितलं. उद्या एकतीस नंबरची जागा रिकामी दिसणार, नाव कमी होणार, हॉलतिकीट जाणार. माझा आवाज फार गंभीर झाला होता.

"आगं पन मी हितं साळंत जाती की," चांगुणा म्हणाली.

"कुठं?"

"हितं, कोप्यांपशी. मरिया बाई हायत. त्या कोप्यांवर यून पोरं गोळा करत्यात. त्यांनी माझं बी नाव घातलं, मार्चपतूर पावनी म्हनून. हितली हजेरी तिकडं धरा म्हनून आपल्या साळंला पत्र बी धाडलंय. कवाच."

मला एकदम ते कपाट दिसलं. वाटेतलं टपाल.

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इकडं दोन महिने नाक दाबतेय."

"म्हनलं आसू दे. दोनीकडं असलेली बरी."

"चांगुणा, तू रोज साडेदहा वाजता शंभर किलोमीटर लांबच्या दोन शाळांत हजर आहेस."

तिने हिशेब केला असावा. "मंग दीडशे टक्के भरतील की," ती म्हणाली.

सोमवारी पथक आलं. पथक म्हणजे एक विस्तार अधिकारी मॅडम आणि पिशवी धरलेला एक कारकून. आमच्या वर्गात आले तेव्हा गोरक्षनाथ सर बरोबर होते आणि दारात छगनमामा. मॅडमनी पॉल सरांना हजेरी घ्यायला सांगितली आणि स्वतः मुलं बघत उभ्या राहिल्या. तीसपर्यंत सगळं नीट.

"एकतीस."

माझी मान आपोआप खाली गेली. हात नाकापर्यंत गेला. दोन महिन्यांची सवय. मी हातावर बसले.

"एकतीस कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"आज रजेवर," गोरक्षनाथ सर म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून एक यादी काढली. "ही मुलगी बेलापूरकडच्या एका शाळेत पाहुणी विद्यार्थिनी आहे. दिवाळीनंतर तिथं रोज हजर. तुमच्याकडं शनिवारपर्यंत रोज हजर. दोन्ही खरं असू शकत नाही. खोटं कोणतं?"

"तिकडचं," गोरक्षनाथ सर लगेच म्हणाले. "आमच्याकडं रोजच्या रोज सह्या आहेत. त्यांचं पत्र वगैरे काही मिळालेलं नाही."

"मग तिकडची नोंद रद्द करायची?" मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

मला गणितात फार गती नाही, पण एवढं जमलं. तिकडची रद्द झाली की ती तिकडं नाही. आणि इकडं तर ती नाहीच, ते आज ना उद्या कळणारच. म्हणजे कुठंच नाही. म्हणजे हॉलतिकीट नाही. म्हणजे पुढच्या दिवाळीला कोयता. ते टोपण निघून कागदाला पेन टेकेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी उभी राहिले होते.

"मॅडम, इकडचं खोटं आहे. ते मी बोलत होते."

"ही मुलगी चित्रं काढते," गोरक्षनाथ सर मॅडमना म्हणाले. मला काहीतरी आजार असल्यासारखं.

"काय बोलत होतीस?"

"हजर सर."

"असं?"

"नाही. असं." मी नाक दाबून म्हणून दाखवलं. वर्ग हसला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गंभीर क्षण होता, आणि मी त्यात कोंबडीच्या पिल्लासारखी वाजले.

मॅडमनी पॉल सरांकडं बघितलं. "तुम्हाला कळलं नाही?"

"मॅडम, मी आवाज ऐकून हजेरी लिहितो," पॉल सर म्हणाले. "एकेकाचं तोंड बघत बसलो तर तास संपतो." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी कडूबाई असते तर तिथंच शिट्टी फुंकली असती.

"मैत्रिणीसाठी मुली काहीही सांगतात," मॅडम मला म्हणाल्या. "पुरावा आहे?"

पुरावा होता. मी म्हटलं, माझी वही. प्रत्येक अंकावर तारीख टाकलेली असते. तिसऱ्यावर डिसेंबरची आहे, आणि तेव्हाही ती जागा रिकामीच काढलेली आहे. गोरक्षनाथ सर म्हणाले की अशी कुठलीही वही त्यांच्या पाहण्यात नाही. तेव्हा दारातून छगनमामा अतिशय आदराने म्हणाले, "कपाटात हाय सर. दुसऱ्या खनात. पाकिटांच्या खाली."

वही आली. सोबत पाकिटंही आली, कारण मामांनी खणच उचलून आणला. मॅडमनी उभ्या उभ्या तिसरा अंक वाचला. मग खुर्चीत बसल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. खेळाच्या तासाच्या खुनापाशी त्या थोड्या हसल्या असा मला संशय आहे, पण मी शपथ घेणार नाही. शेवटी म्हणाल्या, "स्वित्झर्लंडमध्ये कोप्या?"

"मॅडम, मला दुसरी घरं माहीत नव्हती."

"आणि हे भूत कोण?"

सगळ्या शाळेने आठवडाभर ज्या वहीतल्या पाठी नाकारल्या होत्या, तिच्यातली ती दोन वेण्यांची पाठ मी बघितली. माझ्याच वेण्या. मी ती काढली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. उजवी वेणी डावीपेक्षा जरा जाड, माझी असते तशीच. मॅडमनी कागद पुढं केला आणि मी लिहिलं, 'सदर चित्रकथेतील पाठ माझी आहे.' सही, तारीख. त्या चिठ्ठ्यांच्या मोहिमेत मनापासून सही झालेली ही एकच चिठ्ठी.

मग मॅडमनी पाकिटं चाळली, बेलापूरकडचा शिक्का असलेलं एक निवडलं आणि फाडलं. गोरक्षनाथ सरांनी डोळे मिटले. आत मरिया बाईंचं पत्र होतं, नोव्हेंबरचं, दुसऱ्या परिच्छेदात तीनदा 'कृपया'.

निकाल असा लागला. इकडची दोन महिन्यांची हजेरी लाल शाईने रद्द, तिकडची धरली. हॉलतिकीट शाबूत. गोरक्षनाथ सरांनी उरलेली पाकिटं आठ दिवसांत उघडायची, साक्षीदारासमोर. मला लेखी ताकीद. आणि वही जप्त, मूळ प्रत म्हणून, क्रमांक आणि शिक्का मारून, शेवटच्या पानावरच्या यादीसकट. मी चित्रकथेच्या बाबतीत खूप स्वप्नं बघितली होती, पण तिला जोडपत्र 'क' होताना पाहीन असं वाटलं नव्हतं.

मॅडम गेल्यावर पॉल सर माझ्या बाकापाशी थांबले. "दोन महिने एकतीस नंबरला सर्दी होती," ते म्हणाले, "आणि अडतीस नंबर आपलं नाव येईपर्यंत घसा साफ करायची. मला वाटलं, वर्गात साथ आहे." आणि फळ्याकडं गेले. म्हणजे सामील. की नुसते बघत होते? मी अजून ठरवलेलं नाही.

घरी पोचल्या पोचल्या मी चांगुणाला फोन लावला. मला वाटत होतं ती रडेल, किंवा निदान थोडं गहिवरून बोलेल. मी त्यासाठी एक वाक्यही तयार ठेवलं होतं, की यात काय एवढं.

"तुझी तिथली सगळी हजेरी धरली," मी म्हणाले. "मी सगळ्यांसमोर कबूल केलं."

"सगळी धरली?" तिने विचारलं.

"सगळी. आता काळजी नाही. फक्त परीक्षेपर्यंत मॅडम रोज साडेदहाला मरिया बाईंना फोन करणार. तुला फोनवर घ्यायला सांगणार."

पलीकडं कुणीतरी कोयत्याला धार लावत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"रोज?"

"रोज."

"म्हंजी उद्यापास्नं मला रोज जावं लागंल?"

मी फोन कानापासून काढला, त्याच्याकडं बघितलं आणि परत लावला. "म्हणजे आत्तापर्यंत रोज जात नव्हतीस?"

"जात हुते की. बाजाराचा दिस सोडून. आन लहान्याला ताप आला तवा. आन गाडी भरायची आसली का."

"मग तिथल्या यादीत तू दिवाळीनंतर एकही दिवस गैरहजर कशी नाहीस?"

ती लहान्या भावाला उगाच हाका मारायला लागली.

"चांगुणा," मी कडूबाईच्या आवाजात विचारलं, "तिथं तुझं हजर कोण म्हणतं?"

"न्हाई सांगनार," ती म्हणाली. "तू काढशील."